आमची जाळीवाली कोच

आमची कोच खेळाडू मैदानावर शोधत नसे, दुबईतल्या आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये शोधत असे. दुपारच्या सुट्टीत ती दाराशी उभी राहायची. हातात काळी छत्री, गळ्यात दोन शिट्ट्या. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींच्या चेहऱ्याकडे ती बघायचीच नाही, फक्त हातांकडे बघायची. गर्दीतून वाट काढताना कोणाचा चहा सांडतो आणि कोणाचा सांडत नाही, एवढंच तिला हवं असायचं.

मी तिच्या तावडीत सापडले ती अशीच. मैत्रिणींसाठी करक म्हणजे इथल्या कडक चहाचे चार कागदी कप दोन हातांत धरून मी जिना चढत होते. वरून कोणीतरी धाडधाड खाली आलं, मी अंग चोरलं, गिरकी घेतली आणि पुढे चालू लागले. मागून कर्कश शिट्टी वाजली.

"रुको! कौनसा गेम खेलती है?"

"कुठलाच नाही," मी घाबरून मराठीतच बोलून गेले.

"मराठी का गो तू? मग चांगलंच झालं. आणि काही खेळत नाहीस ते तर लईच चांगलं, विसरायला काही नाही. उद्या चार वाजता मागच्या ग्राउंडवर ये. केस बांधून ये."

मी तिला शेवटपर्यंत 'कोच, तुम्ही' असंच म्हटलं. लिहायला बसले की मात्र 'ती'च येतं, आणि तिला ते चाललं असतं अशी माझी खात्री आहे.

लॅक्रॉस म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि घरच्या माणसांना ते समजावताना अजूनही माझी धांदल उडते. हातात एक लांब काठी असते, तिच्या टोकाला छोटीशी जाळी. जाळीत चेंडू झेलायचा, घेऊन पळायचं, दुसरीकडे फेकायचा, शेवटी गोलात मारायचा. पळताना चेंडू जाळीतून पडू नये म्हणून काठी सतत झुलवत राहायची. इंग्रजीत याला क्रेडल म्हणतात. कोच सरळ 'पाळणा' म्हणायची, आणि मल्याळी, पंजाबी, पाकिस्तानी, फिलिपिनो अशा सगळ्या मुलींना तिने तो शब्द शिकवला होता. "पाळणा! पाळणा!" असं एखादी पेशावरची मुलगी ओरडत चाललेली बघून नवा माणूस चक्रावून जायचा.

या खेळात कोच शिरली कशी, ती गंमतच आहे. ती वसईची, कोळी ख्रिश्चन घरातली. तरुणपणी जिल्ह्याकडून हॉकी खेळलेली. दुबईत आली ती एका शाळेत पी.टी. टीचर म्हणून, आणि मग आमच्या कॉलेजात स्पोर्ट्स विभागात लागली. विभाग म्हणजे ती आणि एक कपाट. एकदा तिला स्टोअररूम साफ करायला सांगितलं. तिथे कोणी एक कॅनेडियन प्रोफेसर देश सोडताना टाकून गेलेली मोठी बॅग सापडली. आत चौदा काठ्या, आणि सगळ्यांच्या जाळ्या फाटलेल्या.

"आपल्याला फाटलेली जाळी बघवत नाय," ती सांगायची. "बापाने सवय लावलेली. होडीवरून आला की आधी जाळं, मग जेवण."

म्हणून तिने करामा भागातल्या दुकानातून नायलॉनची दोरी आणली आणि आठवडाभरात चौदाही जाळ्या नव्याने विणल्या. त्यानंतर कोणाला तरी विचारलं, हे आहे तरी काय? मग मोबाइलवर व्हिडिओ बघून ती खेळ शिकली, नियमांच्या पुस्तकाचा प्रिंटआउट काढला, मुली गोळा केल्या आणि कॉलेजला सांगितलं की आपल्याकडे महिला लॅक्रॉस संघ आहे. कॉलेजने मोठ्या कौतुकाने तिला हेड कोच केलं. तिच्या हाताखाली दुसरा कोच नव्हता, पण एवढ्यातेवढ्याने ती डगमगणारी नव्हती.

विणकामाबाबत ती भयंकर कडक होती. स्वतःची जाळी स्वतःला विणता येत नाही तिला खेळायला मिळणार नाही, हा नियम. पहिले तीन आठवडे मी चेंडूला हात लावला नाही, नुसत्या गाठी मारल्या. तिची जाळी खोल असायची, चांगली पोटभर. चेंडू आत गेला की दिसेनासा व्हायचा. "मासा आत गेला की बाहेर येता कामा नये," ती म्हणायची. नियमांच्या पुस्तकात साहित्याचं एक प्रकरण होतं. ते मात्र तिने वाचलंच नव्हतं. जाळ्यांबद्दल हे लोक आपल्याला काय शिकवणार, असा तिचा सरळ हिशोब होता.

कुठल्याही मुलीला संघात घेण्याआधी ती तिच्या घरी जायची. आमच्या करामातल्या फ्लॅटवर ती आली तेव्हा आई तोंड फुगवूनच बसली होती. मुलगी उन्हात काळी पडेल, अभ्यास बुडेल, हात-पाय मोडेल, अशी यादी तयार होती.

"आणि ही काठी केवढ्याला?" आईने विचारलं.

"कॉलेज देते वहिनी. विकत घ्याल तर तीनशे दिरहॅम."

"तीनशे? म्हणजे सात हजार रुपये! जाळीच्या काठीला?"

कोचने वाद घातला नाही. पोह्यांची दुसरी बशी मागून घेतली, ओट्यावरचं एक लिंबू उचललं, काठीच्या जाळीत टाकलं आणि काठी आईच्या हातात दिली. "वहिनी, जरा हॉलमधून किचनपर्यंत चालून दाखवा. लिंबू पडू द्यायचं नाय."

आई आधी लाजली. मग पदर खोचून निघाली. जाताना चालत गेली, येताना पळत आली. लिंबू जागचं हललं नाही. माझा धाकटा भाऊ सोफ्यावरून ओरडला, "मम्मा, दॅट्स इन्सेन!"

"तुम्ही आधी भेटला असता तर हिला घेतलंच नसतं," कोच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. त्यानंतर आईने उन्हाचं नाव काढलं नाही. उलट प्रॅक्टिसला उशीर झाला की मलाच ओरडू लागली.

उन्हाळ्यात मैदानावर पाय ठेवणं शक्य नसे. मग कोच आम्हाला तिच्या बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये न्यायची. तिथल्या वॉचमनला, म्हणजे इथल्या भाषेत नातूरला, पहिल्या दिवशी आम्हाला हाकलायचं होतं. तिने त्याला गोलकीपर केलं. पुढच्या महिन्यात तो गाड्यांच्या मालकांना सांगू लागला की संध्याकाळी पाच ते सात गाड्या आणू नका, आमची प्रॅक्टिस असते.

हाफ टाइमला सगळे संघ रंगीत एनर्जी ड्रिंक पीत. आम्हाला स्टीलच्या डब्यातून मीठ घातलेली तांदळाची पेज मिळायची. मल्याळी मुली ओळखीचा पदार्थ म्हणून आनंदाने प्यायच्या, बाकीच्या नाक मुरडून प्यायच्या. तिच्या दोन शिट्ट्यांपैकी प्लास्टिकची सरावासाठी आणि स्टीलची सामन्यासाठी. पण सिग्नल तोडणारा सायकलवाला, बसच्या रांगेत घुसणारा माणूस, लिफ्टमध्ये फोनवर मोठ्याने बोलणारा साहेब, यांच्यासाठी जी हाताला लागेल ती.

आणि तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "हरा, पण हजर राहा."

लीगमध्ये हरण्यात आमचा हात कोणी धरत नव्हतं. मी संघात आले तोवर त्यांचे दोन सीझन झाले होते आणि खात्यावर एकच विजय होता. तोसुद्धा समोरच्या निम्म्या मुली परीक्षेला गेल्या होत्या म्हणून. दुसरा विजय माझ्यासमोर झाला. अबू धाबीच्या संघाला आम्ही एका गोलने हरवलं, आणि शेवटच्या गोलाचा पास मी दिला होता. त्या दिवशी मी रात्रीचं जेवले नाही, इतकी खूश होते. दोन्ही विजयांचे फोटो कोचने फ्रेम करून कपाटाच्या दारावर लावले होते.

माझ्या तिसऱ्या वर्षी संकट आलं. कॉलेजला मागच्या ग्राउंडवर पॅडेल या टेनिससारख्या खेळाची कोर्ट बांधायची होती. दुबईत तेव्हा जो उठेल तो पॅडेल खेळत होता, कोर्ट भाड्याने जात होती. स्टुडंट अफेअर्सच्या प्रमुख एक इजिप्शियन मॅडम होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी कोचला बोलावून स्पष्ट सांगितलं, संघ जिंकत नाही ते एक वेळ समजू शकते. पण ज्याला मैदानात उतरताच येत नाही असा संघ मी ठेवणार नाही. एक जरी सामना सोडून दिलेला दिसला, की खलास. संघ बंद, ग्राउंड बंद, तुमचं कॉन्ट्रॅक्टही रिन्यू होणार नाही.

नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की बॅगा भरायच्या, हे इथे राहणाऱ्या कोणाला सांगावं लागत नाही. कोचने दुबईत एकवीस वर्षं काढली होती. लग्न केलं नव्हतं. वसईला भाऊ-भावजय, भाचरं, सगळं गोकुळ होतं, त्यांच्यावर जीवही होता. तरी ती म्हणाली, "तिकडे जाऊन काय करू गो? तिकडे मला कोच कोण म्हणणार? तिकडे मी नुसती आत्या."

त्या सीझनला आम्ही एकही सामना सोडला नाही. संघातली लवीना ताप घेऊन खेळली. मी बहिणीच्या साखरपुड्यातून नऊवारी बदलून टॅक्सीत बसले. सगळे सामने हरलो, पण हजर राहिलो. शेवटचा सामना उरला होता, फुजैराला, शनिवारी सकाळी.

फुजैराला जायला कोचला फार आवडायचं. डोंगर संपले आणि समुद्र दिसला की ती बसच्या खिडकीला नाक लावायची. तेल भरायला थांबलेली जहाजं तिथे रांगेने उभी असतात. मैदान किनाऱ्याजवळच होतं. ती उतरली, लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "आज बरं वाटतंय." दहा मिनिटांत सगळं फिसकटलं.

त्या दिवशी रेफरी नवी होती. आयरिश, उन्हाने नाक लाल झालेलं. आधीचे रेफरी काठ्यांवर नुसती नजर टाकत. हिने एकेक काठी हातात घेतली, डोळ्यांसमोर आडवी धरली, जाळीत चेंडू टाकला. चेंडू जाळीच्या चौकटीच्या कडेच्या वर थोडा तरी दिसला पाहिजे, असा महिलांच्या खेळाचा नियम. आमच्या जाळ्यांत चेंडू बुडून गायब झाला. पहिली काठी बाजूला. दुसरी बाजूला. चौदाच्या चौदा बाजूला.

"सॉरी कोच. ऑल इल्लीगल. टू डीप."

कोचने प्रिंटआउट उघडला. न वाचलेलं प्रकरण काढलं आणि उभ्या उभ्या वाचलं. तिने मान वर केली आणि सगळ्या मुलींसमोर म्हणाली, "मिस्टेक मेरा है. तुम लोग का नहीं."

मग रेफरीला विचारलं, किमान किती खेळाडू लागतात? आठ. वेळ किती? सामन्याला वीस मिनिटं, वर पंधरा मिनिटांची सवलत. त्यानंतर सामना सोडला असं धरणार.

"थर्टी फाइव मिनिट्स," कोच म्हणाली. "यल्ला, चला. सगळ्यांनी खाली बसा."

जाळ्या घट्ट करायच्या म्हणजे आधी गाठी सोडायच्या. पण त्या तिने शिकवलेल्या गाठी होत्या, भर समुद्रात न सुटणाऱ्या. नखं तुटली, गाठ सुटेना. "कापा!" ती ओरडली. फर्स्ट एडच्या डब्यातली कात्री, नेलकटर, एकीने तर दात लावले. कापल्यावर दोरी आखूड पडू लागली. कोचने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर आमच्या बुटांवर गेली.

"सिक्स गर्ल्स, शूज निकालो!"

सहा जणींच्या बुटांतून बारा लेस निघाल्या, पांढऱ्या, गुलाबी, एक पोपटी. रेफरी बघतच राहिली. कोचने तिला नियमाचं पान दाखवलं, "शोलेस नॉट अलाउड, व्हेअर इट इज रिटन?" रेफरीने दोनदा वाचलं. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आम्ही वाळूत मांडी घालून विणत होतो. कोच प्रत्येकीच्या मागून फिरत होती, हात लावत नव्हती, फक्त सांगत होती. "ओढ. अजून ओढ. बोट मध्ये घालू नको." सात काठ्या पास झाल्या. आठवी शर्वरीची. तिची काठी सारखी गुडघ्यावरून घसरत होती, लेस भोकातून जाईना. दोन मिनिटं उरली. तेव्हा समोरच्या संघाची कॅप्टन, उंच लेबनीज मुलगी, मैदान ओलांडून आली, शर्वरीसमोर फतकल मारून बसली आणि काठी घट्ट धरून ठेवली. शेवटची गाठ बसली. रेफरीने चेंडू टाकला. चेंडूचा वरचा भाग कडेच्या वर दिसला, अगदी नखाएवढा. कोचने स्टीलची शिट्टी तोंडात घातली आणि आनंदाने अशी वाजवली की रेफरीने तिला समज दिली.

त्यानंतरचा सामना विचारू नका. त्या बारा, आम्ही आठ. जाळी घट्ट झाल्यामुळे चेंडू टुणकन उडून बाहेर पडत होता. माझ्याच जाळीतून तो नऊ वेळा पडला. बाहेर सहा मुली बिनलेसचे बूट घालून, फताड फताड उड्या मारत "पाळणा! पाळणा!" ओरडत होत्या. पंधरा-एक असे हरलो. तो एक गोल लवीनाने केला तेव्हा आम्ही विश्वचषक जिंकल्यासारख्या नाचलो. सामना सोडावा लागला नव्हता. ग्राउंड वाचलं होतं, कोच वाचली होती.

परतताना बसमध्ये गाणी चालली होती. मसाफीला चहासाठी थांबलो तेव्हा कोच उतरली नाही. पुढच्या सीटवर बसून ती तेच प्रकरण पुन्हा वाचत होती. तिने मला हाक मारली.

"बाय, तुझं इंग्लिश बरं आहे. लीगला एक ईमेल लिही."

"कसला?"

"आपण दोन मॅच जिंकलो ना, त्या याच जाळ्यांनी जिंकलो. हे बघ, इथे लिहिलंय. सगळ्या काठ्या नियमाबाहेरच्या असतील तर ती मॅच त्या संघाने सोडली असं धरायचं. तर त्या दोन मॅच परत घ्या, असं लिही."

मी उसळलेच. "कोच, तुम्हाला वेड लागलंय का? सोडली असं धरलं तर रेकॉर्डवर दोन फोरफिट दिसतील! मॅडम काय म्हणाल्या होत्या? तुमचा व्हिसा जाईल! आणि कोणाला माहीत आहे हे?"

"मला सकाळपर्यंत माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आता झालं ना माहीत."

"अबू धाबीच्या मॅचला पास मी दिला होता," मी म्हणाले आणि रडायला लागले. वीस वर्षांच्या आयुष्यात मी जिंकलेली ती एकच गोष्ट होती. मला तिचा राग आला होता, अगदी मनापासून.

तिने छत्री बाजूला ठेवून मला जवळ घेतलं. "पास चांगलाच होता गो. जाळी वाईट होती. ती माझी." आणि मग, "लिही आता. चहा थंड होतोय."

मी मोबाइलवर लिहिलं. तिने 'सेंड'वर स्वतःचं बोट ठेवलं.

लीगचं उत्तर तीन दिवसांत आलं. दोन्ही निकाल रद्द, दोन्ही सामने सोडलेले धरले. प्रत कॉलेजला. इजिप्शियन मॅडमनी कोचला बोलावलं, आणि ईमेल माझ्या अकाउंटवरून गेला होता म्हणून मलाही. मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही स्वतः कळवलंत? कोणी तक्रार केली नव्हती?"

"नो मॅडम."

"मी काय सांगितलं होतं, आठवतं?"

"एक फोरफिट, खलास. येस मॅडम. नाऊ टू." कोचने हाताची दोन बोटंही दाखवली. मला तिचा हात खाली ओढावासा वाटला.

मॅडमनी टेबलावरचा एक गठ्ठा पुढे सरकवला. हजेरी भरून निघावी म्हणून मुलांनी आणलेली मेडिकल सर्टिफिकेटं. "हबीबती, हे बघ. यातली निम्मी खोटी आहेत आणि मला ते माहीत आहे. वर्षभर मी हेच वाचते. मला या इमारतीत एक तरी माणूस असा हवा." ड्रॉवरमधून कॉन्ट्रॅक्ट निघालं. "यल्ला, सही कर."

पॅडेलची कोर्ट शेवटी पार्किंगच्या जागेत झाली. गाड्या वाळूत लावाव्या लागल्या म्हणून प्रोफेसर मंडळी पुढे वर्षभर आमच्याकडे रागाने बघत होती.

कपाटावरचे दोन फोटो मात्र कोचने काढले नाहीत. "पोरी छान दिसतात," म्हणाली. फक्त खालची 'विनर्स' ही अक्षरं खरवडून टाकली. लीगच्या वेबसाइटवर तिच्या नावापुढे आता विजय शून्य असं दिसू लागलं. माझ्या शेवटच्या वर्षीही ते शून्यच राहिलं. आम्ही उथळ जाळ्यांनी नव्याने पाळणा शिकत होतो, आणि ती आमच्याबरोबर शिकत होती.

कॉलेज संपल्यावर मला अल मनखूलमध्ये एका इन्शुरन्स ऑफिसात नोकरी लागली. शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असतं. त्या हिवाळ्यात अशाच एका शनिवारी, साडेअकराच्या सुमारास, मी एका क्लायंटच्या कागदांत डोकं घालून बसले होते तेव्हा फोन वाजला. कोच होती. मागे वारा आणि मुलींचा प्रचंड गलका. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"एक," ती म्हणाली.

मला कळलं. तरी मी विचारलंच, "कोच, काठ्या चेक झाल्या?"

"चौदाच्या चौदा," ती म्हणाली. मी खुर्चीवरून उठले, क्लायंटसमोर, बॉससमोर, भर ऑफिसात, आणि जोरात ओरडले, "एक!"